गाडी उभी राहूनही झिजते

जुनी मोटार विकत घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती किलोमीटर झाली?" रोज पळणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न योग्यच आहे. पिस्टनच्या रिंगा, क्लचप्लेट, ब्रेकचे लायनर, टायर ही सगळी घासून झिजणारी मंडळी. गाडी जितकी पळेल तितकी ती झिजतात. पण गाडी पन्नास वर्षांची असेल तर या प्रश्नाच्या उत्तरातून फारसं काही हाती लागत नाही. अशी गाडी पाच वर्षं शेडमध्ये झाकून ठेवा. मीटरवरचा आकडा जागचा हलणार नाही, पण गाडी पाच वर्षांनी म्हातारी झालेली असेल. कधीकधी तर पळवली असती त्यापेक्षा जास्तच.

हे म्हातारपण म्हणजे नेमकं काय असतं, आणि ते एवढं खर्चिक असूनही चांगली शहाणीसुरती माणसं जुन्या स्पोर्ट्स कार का सांभाळतात, हे एका गाडीच्या उदाहरणावरून पाहू. गाडी आहे ब्रिटिश बनावटीची एम. जी. बी. इंग्लंडमध्ये संशोधनासाठी राहत असताना अशी एक गाडी, १९७१ सालची, काही वर्षं आमच्याकडे होती. त्यामुळे पुस्तकातल्या माहितीला इथे थोडी ग्रीसची आणि पावत्यांची जोड आहे.

एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. मूळ दुकान ऑक्सफर्डचं, गाड्या मात्र जवळच्या अॅबिंग्डन गावी बनत. एम. जी. बी. १९६२ साली बाजारात आली आणि १९८० च्या ऑक्टोबरमध्ये तो कारखाना बंद होईपर्यंत बनत राहिली. उघड्या आणि पक्क्या छताच्या मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यातल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. उघड्या गाडीत दोन माणसांपुरती जागा, वर घडी करून ठेवता येणारं कापडी छत, पुढे १७९८ घन सेंटिमीटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. (आज आपल्या रस्त्यांवर एम. जी. या नावाच्या ज्या गाड्या दिसतात त्या गुजरातमध्ये हलोलला बनतात. नाव सोडलं तर त्यांचा या गाडीशी काही संबंध नाही.)

इंजिन मात्र आपल्याला अगदीच परकं नाही. २०१४ पर्यंत बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनणारी अॅम्बॅसॅडर आठवत असेलच. तिच्यातलं १४८९ घन सेंटिमीटरचं पेट्रोल इंजिन आणि एम. जी. बी.चं इंजिन ही एकाच घराण्यातली भावंडं. दोन्हींत पिस्टनचा वरखाली प्रवास ८८.९ मिलिमीटर, सिलिंडरचा व्यास अॅम्बॅसॅडरमध्ये ७३ मिलिमीटर, एम. जी. बी.मध्ये ८०.२६ मिलिमीटर. वर्गात वृत्तचितीचं घनफळ शिकवताना मुलांना हे आकडे द्यावेत. चार सिलिंडरांचं घनफळ काढल्यावर दोन्ही गाड्यांच्या माहितीपत्रकातले आकडे वहीत उतरतात, आणि व्यास जेमतेम सात मिलिमीटरनं वाढवला की तीनशे घन सेंटिमीटरांहून जास्त फरक कसा पडतो तेही दिसतं.

वेग नव्हे, वेगाची जाणीव

एम. जी. बी.चा कमाल वेग ताशी १६० किलोमीटरच्या थोडा वर. थांबलेल्या स्थितीतून ताशी ९६ किलोमीटर, म्हणजे ६० मैल, गाठायला तिला बारा सेकंदांच्या आसपास लागतात. १९६२ साली हे आकडे मान वळवून पाहावेत असे होते. आज किराणा आणायला नेतात ती छोटी हॅचबॅकही तेवढं करते. तेव्हा 'स्पोर्ट्स कार म्हणजे वेगवान गाडी' ही व्याख्या इथे कामाची नाही. मजा आहे ती दुसरीकडे, आणि तिच्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे.

या गाडीत बसलं की डोळे रस्त्यापासून साधारण एक मीटरवर येतात. हल्लीच्या उंच गाड्यांत ते दीड मीटरवर असतात. चालत्या गाडीतून पुढे पाहताना रस्त्याचा पृष्ठभाग आपल्या दृष्टीत मागे सरकताना दिसतो. ठरावीक कोनात खाली पाहिलं तर हे सरकणं वेग भागिले डोळ्यांची उंची या प्रमाणात असतं. उंची दीडऐवजी एक मीटर झाली की तोच वेग डोळ्यांना दीडपट भासतो. ताशी ६० किलोमीटरनं जाताना ९० चा भास होतो, आणि कायदाही मोडावा लागत नाही. शाळेच्या मैदानावर सायकल चालवताना मान खाली घालून पाहिलं तर मुलांना हा फरक लगेच कळेल.

दुसरी गोष्ट स्टिअरिंगची. त्याला कसलीही यांत्रिक मदत नाही. चाकं आणि तुमचे हात यांच्यामध्ये एक दातेरी दांडी आणि एक छोटं दातेरी चाक, बस. वळणावर टायर किंचित तिरका चालतो आणि रस्त्याचं बाजूनं लागणारं बल टायरच्या टेकण्याच्या जागेच्या मध्यावर न लागता थोडं मागे लागतं. त्यामुळे चाकाला सरळ करू पाहणारं आघूर्ण तयार होतं. ते हाताला जाणवतं. गंमत अशी की टायरची पकड सुटायच्या आधीच हे बल मध्याकडे सरकू लागतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. म्हणजे निसरड्या रस्त्याची सूचना घसरण्यापूर्वी तळहाताला मिळते. मदतीच्या मोटरी बसवलेल्या गाड्यांत ही कुजबुज बरीचशी दबून जाते. (पार्किंग करताना मात्र त्या मोटरी हव्याशा वाटतात. एम. जी. बी. लावताना दंडांना चांगलाच व्यायाम होतो.)

आणखी एक आनंद आहे, तो शिक्षकांना वेगळा सांगायला नको. बॉनेट उघडलं की इथे सगळं दिसतं. दोन कार्ब्युरेटर, प्रत्येकाच्या घुमटात हवेच्या ओढीनं वर उचलला जाणारा दट्ट्या, त्याला जोडलेली निमुळती सुई. दट्ट्या वर गेला की सुई वर जाते, पेट्रोलचं छिद्र मोठं होतं. हवा जास्त तर पेट्रोल जास्त. एक बोट लावून तो दट्ट्या उचलून पाहता येतो. व्हॉल्व्हची फट ०.३८ मिलिमीटर हवी. ती पातळ पट्टीनं मोजायची आणि स्क्रूनं जुळवायची. प्लास्टिकच्या झाकणाखाली दडलेल्या आजच्या इंजिनातून मुलं काही शिकू शकत नाहीत, या इंजिनातून शिकू शकतात. हे आमचं मत. मोटार कंपन्यांना ते पटायची गरज नाही.

छत नाही, म्हणून उंबरा

हलकेपणा येतो कुठून? या गाडीच्या आधीच्या पिढीत खाली जाड पोलादी चौकट असे आणि वर बॉडी ठेवलेली असे. एम. जी. बी.त ती चौकट काढून टाकली. दाबून वाकवलेले पातळ पत्रे एकमेकांना ठिकठिकाणी डाग देऊन जोडले आणि त्या पेटीलाच सगळा भार दिला. आगपेटीचं खोकं हाताळलेल्या कुणालाही ही युक्ती समजेल: पुठ्ठा कमकुवत असतो, पण त्याचं खोकं बरंच काही पेलतं.

पण उघड्या गाडीच्या खोक्याला झाकण नाही. साध्या मोटारीत छत आणि छताचे खांब गाडीला मधे वाकू देत नाहीत. इथे ते काम दारांखालच्या दोन आडव्या पोकळ पट्ट्यांवर येऊन पडतं. इंग्रज त्याला ज्या शब्दानं ओळखतात त्याचा अर्थ उंबरठा असाच होतो, म्हणून आपणही त्यांना उंबरे म्हणू. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मधे एक उभा पडदा, असा हा तीन थरांचा उंबरा असतो. दार उघडून पाय आत टाकताना ज्यावरून आपण ओलांडतो तो भाग नुसती शोभा नाही. गाडीचा कणा तोच.

पातळ पत्र्याची पोकळ नळी एवढी बळकट कशी? इथे एक प्रयोग करून पाहा. जुन्या दिनदर्शिकेच्या जाड कागदाची सुरळी करा आणि जोडावर आडवी चिकटपट्टी पूर्ण लांबीभर लावा. दोन्ही टोकं धरून पिळायचा प्रयत्न करा. सुरळी हटून बसेल. आता चिकटपट्टी ब्लेडनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरा आणि पुन्हा पिळा. कागद तोच, वजन तेच, पण आता सुरळी ओल्या फडक्यासारखी पिळली जाईल.

गणित सांगतं की बंद गोल नळी आणि चिरलेली नळी यांच्या पिळाला होणाऱ्या विरोधाचं गुणोत्तर असं निघतं: त्रिज्येला जाडीनं भागा, त्याचा वर्ग करा, तिनानं गुणा. त्रिज्या ४० मिलिमीटर आणि पत्र्याची जाडी १ मिलिमीटर धरली तर उत्तर येतं ४८००. एका सांध्याच्या चिरीनं नळीचा पिळविरोध ४८०० पटींनी घटतो! उंबरा गोल नसतो, त्याला आतला पडदाही असतो, म्हणून हा आकडा त्याला जसाच्या तसा लागू नाही. पण दिशा हीच. गंजानं गाडीतलं किती लोखंड खाल्लं हे मोजून उपयोग नाही. त्यानं बंद नळी उघडी केली का, हे पाहावं लागतं. शंभर ग्रॅम लोखंड योग्य ठिकाणचं गेलं तर गाडी निकामी होते.

आणि गंजाला नेमकी हीच जागा आवडते. का, ते पाहण्यासाठी केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात केलेला प्रयोग आजही शाळेच्या प्रयोगशाळेत करता येतो. मिठाच्या पाण्यात थोडं फिनॉल्फ्थॅलिन आणि किंचित पोटॅशियम फेरिसायनाइड घाला. पॉलिश पेपरनं घासून लख्ख केलेल्या लोखंडी पत्र्यावर त्याचा एक टपोरा थेंब ठेवा. थोड्याच वेळात थेंबाचा मध्य निळा होतो आणि कड गुलाबी. निळा रंग म्हणजे तिथे लोखंड विरघळतंय. गुलाबी म्हणजे तिथे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन अल्कली बनवतोय. कडेला हवेतून ऑक्सिजन सहज मिळतो, मध्याला मिळत नाही. जिथे ऑक्सिजन कमी तिथेच लोखंड खाल्लं जातं, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. पण हा एक विद्युतघट आहे. ऑक्सिजन भरपूर असलेला भाग ऋणाग्र बनतो, हवा न मिळणारा भाग धनाग्र बनतो आणि धनाग्रच झिजतं. मीठ या घटात विद्युतवाहकाचं काम करतं.

आता हाच थेंब एम. जी. बी.त शोधू. पुढच्या चाकांमागे, मडगार्डच्या आत चिखल साचायला सोयीचे कोपरे आहेत. तिथून आलेलं पाणी उंबऱ्याच्या पोकळीत उतरतं. पाणी निघून जायला खाली छिद्रं आहेत, ती मातीनं बुजतात. दोन पत्र्यांच्या जोडात केसाएवढी फट असते; तिथे पाणी शिरतं, हवा शिरत नाही. त्यात ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर खनिज मीठ फेकतात. चेशर परगण्यात विन्सफर्डला त्याची मोठी खाण आहे. आपल्याकडे मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर खिडक्यांचे गज आणि छपरांचे पत्रे कसे खंगतात ते ठाऊक असेल, तर तेच काम रस्त्यावरून उडणाऱ्या पाण्यानं होतं असं समजा. शिवाय गंज लोखंडाच्या जवळजवळ तिप्पट जागा व्यापतो. जोडात तयार झालेला गंज पाचरीसारखा दोन पत्र्यांना दूर ढकलतो आणि जोडाचे डाग एकेक करून सुटतात. म्हणजे चिकटपट्टी चिरायचं काम तोच करतो.

आजच्या गाड्यांचे पत्रे बहुधा जस्ताचा मुलामा दिलेले असतात. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. पोर्शनं १९७६ च्या मॉडेलपासून आपल्या ९११ गाडीला असे पत्रे वापरायला सुरुवात केली. अॅबिंग्डनच्या गाडीच्या नशिबी ते नव्हतं.

आमच्या गाडीचे उंबरे

गाडी घेतली तेव्हा उंबरे बाहेरून गुळगुळीत आणि चकचकीत होते. दुसऱ्या उन्हाळ्यात उजवं दार लागताना वर किंचित घासू लागलं. वर्कशॉपचे मालक साठीचे गृहस्थ होते. त्यांनी कसलंही यंत्र आणलं नाही. गाडी चाकांवर उभी असताना दाराच्या वरच्या टोकाची फट मोजली, मग जॅक गाडीच्या मधोमध लावून उचलली आणि पुन्हा मोजली. फट तीन मिलिमीटरनं वाढली होती. चाकांवर उभी असताना गाडी दोन टोकांना टेकलेल्या फळीसारखी मधे खचत होती, म्हणून वरची फट मिटत होती. मधून उचलल्यावर दोन्ही टोकं खाली झुकत होती, म्हणून ती उघडत होती. कणा ताठ असता तर फरक जाणवलाही नसता.

मग त्यांनी खिशातून एक छोटं चुंबक काढलं, त्याला पातळ फडकं गुंडाळलं आणि उंबऱ्यावरून फिरवलं. काही ठिकाणी ते टकदिशी चिकटत होतं, काही ठिकाणी घसरून पडत होतं. पडत होतं तिथे पत्रा नव्हताच. लांबी भरून वर रंग दिला होता. पूर्वी कुणीतरी, कोण ते कधी कळलं नाही, सडलेल्या उंबऱ्यावर नवा पत्रा नुसता टोपीसारखा बसवला होता. योग्य दुरुस्ती करायची तर पुढचं मडगार्ड उतरवावं लागतं, कारण उंबऱ्याचं पुढचं टोक त्याच्या आत जातं. तेवढे श्रम वाचवले गेले होते.

आमच्यापुढे दोन मार्ग होते. दुरुस्तीचं अंदाजपत्रक गाडीच्या खरेदी किमतीच्या निम्म्याहून जास्त होतं. गाडी आहे तशी विकता आली असती. रंग चांगलाच होता. पण बाजूनं धडक बसली तर आतल्या माणसाच्या आणि धडकेच्या मधे जे काही उभं राहतं ते म्हणजे हाच उंबरा. तो सडला आहे हे माहीत झाल्यावर गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारणं जमण्यासारखं नव्हतं. मोडीत काढणं किंवा नीट करणं, एवढंच उरलं. नीट करायचं ठरवलं.

त्या कामातला एक भाग पाहण्यासारखा होता. उंबरा कापण्यापूर्वी दोन्ही दारांच्या चौकटीत लोखंडी टेकू वेल्ड करून बसवले. कणा काढून घेताना गाडी दुमडू नये म्हणून ही काळजी. टेकूशिवाय कापलं तर गाडी खचलेल्या आकारातच नव्यानं वेल्ड होते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. एकेक बाजू करत, एकेक थर करत काम सहा आठवडे चाललं. बिल पाहिलं तर सगळे पत्रे मिळून एकूण रकमेच्या दहाव्या भागाहूनही कमी, बाकी मजुरी. जुन्या गाडीच्या खर्चाबद्दल हे लक्षात ठेवावं: सुटे भाग स्वस्त, त्यांच्यापर्यंत पोचणं महाग. शेवटी पोकळीत पातळ नळीनं मेण फवारलं. मेण लोखंडाला काही करत नाही, पाण्याला आणि हवेला दूर ठेवतं इतकंच. ते दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा फवारावं लागतं.

रबर, ब्रेक आणि एक लीटर पाणी

अमेरिकेला गेलेल्या गाड्यांपैकी ज्या कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत राहिल्या त्यांचे उंबरे पन्नास वर्षांनीही शाबूत सापडतात. त्यातल्या पुष्कळ गाड्या पुढे ब्रिटनला परत आणल्या गेल्या. पण त्यांचे डॅशबोर्ड तडकलेले असतात आणि रबर चिरलेलं असतं. ब्रिटनमधली गाडी पत्र्यात म्हातारी होते, कॅलिफोर्नियातली प्लास्टिकमध्ये आणि रबरात.

नैसर्गिक रबराच्या लांबलचक रेणूंत कार्बनचे दुहेरी बंध असतात. हवेतला ओझोन नेमका त्यांवर हल्ला करतो आणि रेणू तोडतो. रबर ताणलेलं असेल तर तुटलेली टोकं लगेच दूर जातात आणि ताणाला काटकोनात चीर पडते. हे इतकं ठरावीक वेळेत होतं की १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास करणारे आरी हागेन-स्मिट आणि त्यांचे सहकारी वाकवलेल्या रबराच्या पट्टीला चीर पडायला किती मिनिटं लागतात यावरून ओझोनचं प्रमाण मोजत. दोन रबरबँड घ्या, एक खिळ्यांवर ताणून आणि एक सैल, आणि गच्चीवर काही आठवडे ठेवा, फरक दिसेल. गाडीत इंजिनाच्या टेकूपासून पाण्याच्या नळ्यांपर्यंत सगळीकडे ताणलेलं किंवा दाबलेलं रबर असतं. टायर तर नक्षी नवी दिसत असतानाही वयानं बाद होतात. २००० सालापासून टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. शाळेच्या बसचे टायर पाहताना हे अंक जरूर वाचावेत.

ब्रेकचं तेल हे खरं तर तेल नाही, ते ग्लायकॉलपासून बनवलेलं द्रव असतं आणि ते हवेतली वाफ शोषून घेतं. डॉट-४ या दर्जाचं ताजं द्रव किमान २३० अंश सेल्सिअसला उकळावं असा नियम आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना ब्रेक तापले आणि द्रव उकळलं तर नळीत वाफ होते. द्रव दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल पायाखाली मऊ पडतं आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. म्हणून गाडी पळो न पळो, हे द्रव दर दोन वर्षांनी बदलायचं.

"मग गाडी जागच्या जागी थोडा वेळ सुरू करून ठेवली तर?" असं बरेच जण करतात. ते उभं ठेवण्यापेक्षाही वाईट. थोडा हिशोब करा. पेट्रोलच्या जागी ऑक्टेन धरलं तर ११४ ग्रॅम ऑक्टेन जळून १६२ ग्रॅम पाणी तयार होतं. एक लीटर पेट्रोल साधारण ७४० ग्रॅम भरतं. म्हणजे पाणी किती? एक किलोपेक्षा थोडं जास्त, एक लीटर! एक लीटर पेट्रोल जाळलं की सायलेन्सरमधून एक लीटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर जायला हवं. इंजिन पाच मिनिटांत बंद केलं तर थंड नळीत ते थिजून तिथेच राहतं आणि नळी आतून गंजते. काही पाणी इंजिनच्या ऑइलमध्येही उतरतं. गाडी अर्धा-पाऊण तास नीट पळवली की सगळं तापतं आणि पाणी निघून जातं. डॉक्टर म्हाताऱ्या माणसांना चालायला सांगतात, त्यातलाच हा प्रकार.

बदललेलं पेट्रोल

गाडी तीच राहिली तरी तिचं अन्न बदललं. १९६० च्या दशकात पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग मिसळत. ते इंजिनातला ठोका थांबवायचंच, शिवाय त्याचा पातळ थर व्हॉल्व्ह जिथे बसतो त्या कडेवर जमून तिचं रक्षण करायचा. शिसं मुलांच्या मेंदूला घातक, त्यामुळे ते गेलं हे उत्तमच झालं: ब्रिटनमध्ये १९९९ च्या अखेरीस, भारतात २००० साली. पण थर नाहीसा झाल्यावर तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बिडाच्या कडेला क्षणभर चिकटतो आणि सुटताना तिचे कण उपटून नेतो. व्हॉल्व्ह हळूहळू आत रुततो आणि ती ०.३८ मिलिमीटरची फट आपोआप कमी होत जाते. फट भराभर मिटू लागली की ओळखायचं. इलाज म्हणजे हेड उतरवून कठीण पोलादाच्या रिंगा बसवणं; तो एकदाच करावा लागतो.

आता इथेनॉल आलं आहे. ब्रिटनमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत, आणि भारतात २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं वीस टक्के. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या प्रकारचं रबर फुगवतं. नव्या गाड्यांच्या नळ्या त्यासाठीच बनवलेल्या असतात. १९७१ च्या गाडीत पेट्रोलची प्रत्येक नळी आणि वॉशर बदलावा लागतो. खर्च फार नाही, पण टाळून चालत नाही, कारण ही नळी तापलेल्या एक्झॉस्टपासून वीतभर अंतरावरून जाते.

गाडी जुनी, पत्रा नवा

या गाडीचं एक भाग्य म्हणजे ती लाखांनी बनली. त्यामुळे तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो. १९८८ साली तर मूळ साच्यांवर दाबून अख्खी नवी बॉडी बनवायला सुरुवात झाली. हजार-पाचशेच बनलेल्या एखाद्या देखण्या गाडीचं एक दिवा फुटला तरी मालकाला वर्षभर शोधत फिरावं लागतं. गाडी निवडताना तिचं रूप पाहण्याआधी ती किती बनली होती हे पाहावं, असं आम्ही म्हणू.

पण नवी बॉडी घातल्यावर गाडी जुनी राहते का? हा प्रश्न तत्त्वज्ञांचा वाटेल, ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याला मात्र त्याचं उत्तर आकड्यांत द्यावं लागलं. अनेक वर्षं त्यांची एक गुणपद्धत होती. जुना नोंदणी क्रमांक टिकवायला आठ गुण लागत. बॉडी किंवा चौकटीला ५, सस्पेन्शनला २, अॅक्सलला २, गिअरबॉक्सला २, स्टिअरिंगला २ आणि इंजिनाला फक्त १. लोक इंजिनाला गाडीचं हृदय समजतात. खात्यानं त्याला सगळ्यात कमी गुण दिले. आमच्या मते हे बरोबरच होतं. इंजिन एका दिवसात उतरवून दुसरं चढवता येतं. उंबऱ्यांना सहा आठवडे लागले होते.

चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना ब्रिटनमध्ये रस्ताकर नाही, आणि मूळ रचना फार बदललेली नसेल तर २०१८ च्या मे महिन्यापासून दरवर्षीची सक्तीची तपासणीही नाही. आम्ही तरी दरवर्षी तपासणी करून घेत होतो. चाळीस वर्षांवरच्या गाडीला गंज माफ असतो असं काही रसायनशास्त्रात सांगितलेलं नाही.

भारतात परतायचं ठरलं तेव्हा गाडी विकली. उंबऱ्यांवर घातलेले पैसे पूर्ण वसूल झाले नाहीत, ते सहसा होत नाहीत. गाडी पाहायला आलेले गृहस्थ एका शाळेत धातुकाम शिकवत होते. पावत्यांची फाइल आणि कापलेल्या उंबऱ्यांचे फोटो आम्ही पुढे केले, ते त्यांनी बाजूला ठेवले. आधी बॅटरी आणि फडक्यात गुंडाळलेलं चुंबक घेऊन ते अर्धा तास गाडीखाली पडून राहिले. मग फोटो पाहिले. बॉनेट त्यांनी सगळ्यात शेवटी उघडलं.